परळ ते खारघर : मूलपेशी प्रत्यारोपणातील रुग्णशुश्रूषेचा इतिहास (विशेष संदर्भ : म्हसळा तालुका)

प्रस्तावना :

वैद्यकाच्या इतिहासलेखनात शोध, औषधे आणि शल्यविशारद यांना जे स्थान लाभले ते शुश्रूषेला लाभले नाही, ही तक्रार नवी नाही. परंतु काही उपचार असे आहेत की त्यांतून शुश्रूषा वगळली तर उपचाराचा इतिहास म्हणून सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. मूलपेशी प्रत्यारोपण हा अशांपैकी एक होय. ‘प्रत्यारोपण’ या शब्दामुळे शस्त्रक्रियेचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात ज्याला मूलपेशी द्यावयाच्या त्या रुग्णावर कोणतीही शस्त्रक्रिया होत नाही. तीव्र औषधांनी, क्वचित किरणोत्सर्गाने, त्याची रोगट अस्थिमज्जा नष्ट केली जाते आणि दात्याच्या किंवा त्याच्याच आधी काढून ठेवलेल्या मूलपेशी, रक्त चढवावे त्याप्रमाणे, शिरेवाटे दिल्या जातात. हे काम काही तासांत आटोपते. त्यानंतरचे दोन ते चार आठवडे रुग्णाच्या शरीरात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. दिलेल्या पेशी रुजेपर्यंत त्याला जिवंत ठेवणे हे काम औषधांच्या आधारे, पण प्रामुख्याने परिचारिकेच्या हातून घडते.

प्रस्तुत लेखात या शुश्रूषेचा मुंबई व रायगड परिसरातील इतिहास मांडला असून, म्हसळा तालुक्याचा संदर्भ विशेषत्वाने घेतला आहे. म्हसळा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते; पुढे ते कुलाबा जिल्ह्यात आले आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे रायगड असे नामांतर झाले. भारतातील प्रत्यारोपणाचा आरंभ जेथे झाला ते परळ म्हसळ्याच्या चाकरमान्यांना परके नव्हते, आणि आज हे काम जेथे चालते ते खारघर म्हसळ्याच्याच जिल्ह्यात आहे. तथापि, एकाच जिल्ह्यात असणे आणि जवळ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विलगीकरणाचा बदललेला अर्थ :

कोकण आणि देश या दोन्ही भागांत ‘रुग्णाला वेगळे ठेवणे’ या कृतीला एक कटू स्मृती आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा झाला आणि घराघरांतून माणसे उचलून छावण्यांत नेली जाऊ लागली. त्या काळी विलगीकरणाचा हेतू उघड होता : इतरांचे रुग्णापासून रक्षण करणे. ही भिंत ओलांडून रुग्णाजवळ जाणारी माणसे थोडी होती. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. महाराष्ट्रातील शुश्रूषेच्या इतिहासाचा आरंभ कोठून करावा असा प्रश्न निघाल्यास एखाद्या प्रशिक्षण संस्थेच्या स्थापनेपेक्षा या घटनेपासून करणे अधिक सयुक्तिक ठरेल. कुष्ठरोग्यांच्या वाट्यालाही हेच वेगळेपण आले. पनवेलजवळ नेरे येथील ‘शांतिवन’ ही संस्था त्याच अनुभवातून उभी राहिली.

मूलपेशी प्रत्यारोपणाने विलगीकरणाचा हा अर्थ उलटा केला. येथे रुग्णापासून कोणालाही धोका नसतो; धोका असतो तो इतरांपासून रुग्णाला. भेटीस आलेल्या मुलाचा साधा पडसे-खोकला, फुलदाणीतील पाणी, भिंतीवरील बुरशी, न शिजवलेली कोशिंबीर, यांपैकी काहीही त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून त्याला अशा खोलीत ठेवतात की जेथील हवा हेपा गाळण्यांतून येते. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवण्याची या गाळण्यांची क्षमता असते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मधील आपल्या पुस्तकात बाहेरच्या हवेइतकी शुद्ध हवा रुग्णाला मिळणे हा शुश्रूषेचा पहिला नियम सांगितला आणि खिडक्या उघड्या ठेवण्याचा आग्रह धरला. प्रत्यारोपण कक्षातील खिडकी मात्र बंद असते. नियम बदललेला दिसतो, त्यामागील विचार तोच आहे.

जुन्या स्मृतीचा परिणाम येथेही संपत नाही. गावाकडून आलेल्या कुटुंबाला काचेपलीकडचा रुग्ण दाखवला की ‘हा आजार लागतो का?’ हा प्रश्न हटकून येतो. त्याचे उत्तर देणे, किंबहुना ते पुन्हा पुन्हा देणे, हे परिचारिकेचे काम कोणत्याही तक्त्यात नोंदलेले नसते.

परळ : १९४१ ते १९८३ :

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा उगम रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेला आहे, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये परदेशात उपचार घेत असता रक्ताच्या कर्करोगाने मरण पावल्या. दोराबजी पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून उभारलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व कर्करोग संशोधन संस्था यांचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

रुग्णालय उघडले तेव्हा देशात प्रशिक्षित परिचारिका किती होत्या? भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार सुमारे सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. डॉक्टरांचे प्रमाण त्या मानाने पुष्कळ बरे, सुमारे सहा हजार तीनशे लोकांमागे एक, असे होते. या तफावतीमागे केवळ सरकारी अनास्था नव्हती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे, मलमूत्र उचलण्याचे काम ‘चांगल्या घरच्या’ मुलीने करू नये ही धारणा सर्व जातींत कमीअधिक प्रमाणात होती. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाच्या विद्यार्थिनींना रमाबाई रानडे यांनी ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले, त्या वेळी याच धारणेशी त्यांना झुंजावे लागले. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला आणि मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. तरीही मुंबईच्या रुग्णालयांतील परिचारिकांमध्ये केरळातून आलेल्या मुलींचे प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिले. कोकणातील रुग्ण आणि मल्याळी परिचारिका यांच्यात एक वेगळीच मोडकी मराठी तयार झाली. दोघांना जोडणारा शब्द होता ‘सिस्टर’, आणि तो ना मराठी ना मल्याळी.

दरम्यान, अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना शिरेवाटे अस्थिमज्जा दिल्याचे प्रसिद्ध केले होते. त्यांतील एकही रुग्ण फार काळ जगला नाही. पुढची दहा-बारा वर्षे बहुतेकांनी हा मार्ग सोडून दिला. ऊतींचे गट जुळवण्याचे ज्ञान वाढले, प्रतिजैविके व रक्तबिंबिका देण्याची सोय झाली आणि सिएटल येथे थॉमस यांचा चमू स्थिरावला, तेव्हा या उपचाराने पुन्हा उचल खाल्ली. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सिएटल येथेच प्रशिक्षण घेऊन परतलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी मार्च १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. बालपणी पोलिओ झाल्यामुळे डॉ. अडवाणी चाकाच्या खुर्चीवरून काम करीत. रुग्ण तीव्र मायलॉइड रक्तकर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी होती.

ही तारीख वैद्यकाच्या इतिहासात आली; परळच्या इतिहासात तिच्याभोवती काय चालले होते तेही पाहावयास हवे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप तेव्हा दुसऱ्या वर्षात होता. रुग्णालयाभोवतीच्या चाळींत पगार बंद होते. कोकणातून कोणी आजारी माणूस टाटाला आला की त्याची पथारी याच चाळींतील नातेवाइकाच्या खोलीत पडे, डबा तेथूनच येई. रक्त लागले तर गिरणीतील सोबती रांग लावीत. संपाने ही अनौपचारिक व्यवस्था खिळखिळी केली. अनेक कुटुंबे गावी परतली. देशातील सर्वांत नाजूक शुश्रूषेचा आरंभ होत असताना, कोकणातल्या रुग्णाला आजवर आधार देणारे शेजारीपाजारी त्याच गल्ल्यांतून उठून चालले होते. या दोन घटनांचा परस्पर कार्यकारणसंबंध नाही. तरी म्हसळ्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीने त्या एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

मोजमाप करणारे हात :

प्रत्यारोपणाच्या दिवसाला ‘शून्य दिवस’ म्हणतात आणि पुढचे दिवस अधिक एक, अधिक दोन असे मोजले जातात. शंभराव्या दिवसापर्यंतची ही गणना म्हणजे जणू स्वतंत्र पंचांगच होय. त्यातील प्रत्येक टप्प्याला परिचारिकेचे काम बदलते.

शून्य दिवसाच्या आधी सायक्लोफॉस्फामाइड दिले जात असेल तर मूत्राशयातून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून भरपूर द्रव देऊन लघवीची दर वेळी तपासणी होते. मेल्फालन दिले जात असेल तर औषध चालू असताना रुग्णाला तोंडात बर्फाचे तुकडे धरावयास लावतात. थंडीने तोंडातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध तेथे कमी पोहोचते आणि पुढे येणारे तोंडाचे व्रण सौम्य होतात. बर्फाच्या तुकड्यांनी साधणारी ही गोष्ट महागड्या औषधांनाही सहज साधत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी गोठवून ठेवल्या असतील तर त्या देताना, गोठवणीसाठी वापरलेल्या रसायनामुळे, रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. तो दिवसभर खोलीत दरवळतो. नातेवाईक घाबरतात, परिचारिका त्या वासाला सरावलेली असते.

यानंतरचे दिवस तापाचे. पांढऱ्या पेशी नसलेल्या शरीरात जंतुसंसर्गाची इतर लक्षणे उमटतच नाहीत : पू होत नाही, सूज येत नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण असते. रात्री दोन वाजता ताप अडतीस अंशांवर गेला तर रक्ताचे नमुने घेऊन तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. या तासात रुग्ण वाचतो की नाही हे पुष्कळ अंशी ठरते, आणि तापमापक कोणाच्या हातात असतो हे सांगावयास नको. १९७९ मध्ये सिएटलच्या डॉ. रॉबर्ट हिकमन यांनी सुधारलेली, छातीतून मोठ्या शिरेत जाणारी नळी आल्यापासून दर वेळी सुई टोचण्याचा त्रास संपला. परंतु जंतूंनाही तीच वाट मोकळी झाली. तिच्या तोंडाशी असलेली पट्टी बदलण्याची पद्धत म्हणूनच एखाद्या विधीसारखी काटेकोर असते.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण मात्र दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेल्या हल्ल्याचे, म्हणजे ‘ग्राफ्ट व्हर्सस होस्ट’ विकाराचे, आहे. त्याची तीव्रता ठरवण्याची श्रेणीपद्धती सिएटलच्या ग्लुक्सबर्ग व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडली आणि तिचा पाया आजही टिकून आहे. ती तीन गोष्टींवर उभी आहे : त्वचेच्या किती भागावर पुरळ आले, रक्तातील बिलिरुबिन किती वाढले आणि चोवीस तासांत किती मिलिलिटर जुलाब झाले. यांतील दुसरी गोष्ट प्रयोगशाळा सांगते. पहिली व तिसरी खाटेजवळच कळते. तळहात व तळपाय प्रथम लाल होतात, आणि रोज अंग पुसणाऱ्या हातांना ते आधी दिसते. जुलाबाचे माप घ्यावयाचे तर भांडे घेऊन कोणीतरी मोजावे लागते. पाचशे मिलिलिटर ओलांडले की श्रेणी बदलते, श्रेणीनुसार औषध बदलते. यकृतातील सूक्ष्म शिरा बुजण्याच्या विकाराची पहिली चाहूलही रोज सकाळी एकाच काट्यावर केलेल्या वजनातून लागते.

ज्या कामाला ‘हलके’ मानून समाजाने शतकभर परिचारिकेला खालचे स्थान दिले, त्याच कामातून जगभरातील प्रत्यारोपण संशोधनाची मूळ आकडेवारी निर्माण झाली आहे. २०१२ च्या अखेरीस जगातील प्रत्यारोपणांची एकूण संख्या दहा लाखांवर गेली. त्यांतील प्रत्येक रुग्णामागे असे शेकडो तक्ते भरले गेले. शोधनिबंधांवर त्या तक्ते भरणाऱ्यांची नावे क्वचितच दिसतात. युरोपात प्रत्यारोपण परिचारिकांचा स्वतंत्र गट १९८५ मध्ये स्थापन झाला, तो बहुधा या जाणिवेतूनच. भारतात कर्करोग परिचर्येची पदविका परिषदेच्या मान्यतेने सुरू झाली. ती घेतलेल्या परिचारिकेची बदली दुसऱ्याच कक्षात होऊ नये, एवढी साधी दक्षताही सर्वत्र घेतली जात नाही.

खारघर :

टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन व प्रशिक्षणाचे प्रगत केंद्र, ‘ॲक्ट्रेक’, खारघर येथे २००२ मध्ये कार्यान्वित झाले आणि प्रत्यारोपण विभाग २००७ मध्ये परळहून तेथे हलला. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे. जागा मोकळी मिळाली, कक्ष नव्याने बांधता आले. दुसरीकडे, परळचा परिसर जे देत असे ते खारघरला लगेच मिळण्यासारखे नव्हते. सिडकोच्या आखीव वसाहतीत म्हसळ्याच्या माणसाची ओळखीची चाळ नव्हती. रुग्णालयाबाहेर पडल्यावरही शंभराव्या दिवसापर्यंत केंद्राच्या जवळपास राहावे लागते, आठवड्यातून एकदोनदा तपासणी असते. भाड्याची खोली, सोबत राहणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, गावी मागे राहिलेली मुले, या बाबी उपचाराच्या खर्चात धरल्या जात नाहीत. रायगड हा राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या २०१२ मधील पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांपैकी एक होता. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले. अशा योजना रुग्णालयातील उपचाराचे पैसे भरतात. शुश्रूषेसाठी घरातून उठून आलेल्या बाईचा दिवस त्यांच्या हिशेबात बसत नाही. ही व्यक्ती बहुतेक वेळा आई, पत्नी किंवा बहीण असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हसळ्याचे घर :

शंभराव्या दिवसानंतर रुग्ण माणगावमार्गे घरी परततो. महामार्गाने आला काय किंवा १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने माणगावपर्यंत आला काय, पुढचा घाट उतरून म्हसळ्याला यावेच लागते. आता त्याची शुश्रूषा घराकडे येते. परिचारिकेने निघताना दिलेल्या सूचना येथे खऱ्या अर्थाने कसास लागतात, कारण त्या शहरातील सदनिका डोळ्यांपुढे ठेवून तयार झालेल्या असतात.

माती उकरू नये, गोठ्यात जाऊ नये, बुरशी असलेल्या जागी राहू नये, धूळ टाळावी. दक्षिण रायगडात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कौलारू घराच्या भिंतींना ओल येते. पेंढ्याची गंजी, शेणाने सारवलेली पडवी, पावसात भिजलेली लाकडे ही ॲस्परजिलससारख्या बुरशीची नेहमीची ठिकाणे आहेत. तरुण शेतकऱ्याला वर्षभर लावणीला उतरू नकोस असे सांगणे म्हणजे त्याच्या घराचा वर्षाचा भात दुसऱ्याच्या हाती देणे होय. अनुभवी परिचारिका अशा वेळी नियमांची यादी वाचून दाखवत नाही. घरात चूल कोठे आहे, पाणी विहिरीचे की नळाचे, जनावरे कोण सांभाळतो हे ती आधी विचारते. अन्नाच्या बाबतीत कोकणचा स्वयंपाक उलट सोयीचा आहे. तोंडाचे व्रण भरत असताना गरम तांदळाची पेज व मऊ भात यांहून योग्य आहार शोधूनही सापडणार नाही. कच्चे टाळण्याविषयीचे पूर्वीचे कडक निर्बंधही अलीकडच्या अभ्यासांनंतर पुष्कळ ठिकाणी सैल झाले आहेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आदळले. म्हसळा तालुक्यातील घरांची कौले व पत्रे उडाले, अनेक गावे आठवड्यानुआठवडे विजेविना राहिली. त्याच वेळी कोविडची टाळेबंदी होती. शीतकपाटात ठेवावी लागणारी इंजेक्शने, उकळलेले पाणी, कोरडी खोली, खारघरला जाणारे वाहन : प्रत्यारोपणानंतरच्या शुश्रूषेला लागणाऱ्या या सर्व गोष्टी एकाच दिवसात तुटू शकतात, हे त्या वेळी दिसून आले. मुखपट्टी, हात धुणे, अंतर राखणे हे मात्र गावाला तेव्हा नव्याने शिकावे लागले. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या घरी हे शिक्षण आधीच पोहोचलेले असते.

आणखी एक बाब उल्लेखनीय आहे. जुनी मज्जा जाताना तिच्यासोबत बालपणी घेतलेल्या लसींची स्मृतीही बहुतांशी नष्ट होते. त्यामुळे चाळिशीच्या माणसाला घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ यांच्या लसी प्रत्यारोपणानंतर सहा महिने ते वर्षभराने पुन्हा सुरू कराव्या लागतात. गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी दोन वर्षांपर्यंत देत नाहीत. गावातील लसीकरणाची व्यवस्था बालके व गर्भवती यांच्यासाठी आखलेली असल्याने, बाळाचे कार्ड भरणाऱ्या आरोग्यसेविकेपुढे असा प्रौढ माणूस येऊन उभा राहिला तर त्याची नोंद कोठे करावी हा तिच्यापुढे खराच प्रश्न असतो.

साधनांचा प्रश्न :

१८८३ मध्ये, म्हणजे परळच्या त्या प्रत्यारोपणाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा यांवरील खंड प्रसिद्ध झाला. या मालिकेत दवाखाने, रोगी, लसटोचणी यांची आकडेवारी येते; आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याची नोंद घेणे हे तिचे प्रयोजनच नव्हते. शतकानंतरची स्थिती वेगळी असावयास हवी होती, कारण आता शुश्रूषा करणारी व्यक्ती स्वतः लिहीत होती. दर पाळीला तापमान, नाडी, द्रवांचा हिशेब, जुलाबाचे माप, रात्रीची टिपणे असे अखंड लेखन परिचारिकांनी केले. परंतु वैद्यकीय नोंदी जपण्याची किमान मुदत २००२ च्या नियमांनुसार तीन वर्षे इतकीच आहे. संशोधनासाठी लागणारे आकडे संगणकात जातात, टिपणांचे कागद रद्दीत जातात. १९८३ मध्ये पंचविशीत असलेल्या परिचारिका केव्हाच निवृत्त झाल्या असून आज सत्तरीच्या आसपास आहेत. काही केरळात परतल्या असतील, काही नवी मुंबईत वा कोकणात असतील. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम इतिहास विभागांनी हाती घेण्यास भाषेखेरीज दुसरी अडचण नाही, आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प तर दरवर्षी होतच असतात.

घरच्या शुश्रूषेचेही लेखन होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. रुग्ण घरी निघताना एक वही करावयास सांगितले जाते. सकाळ-संध्याकाळचा ताप, वजन, गोळ्यांच्या वेळा, किती खाल्ले, किती उलटले. ही वही बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलीच्या किंवा भावाच्या अक्षरात असते, कधी शंभरी पानांची, मागच्या बाजूला वाणसामानाचा हिशेब असलेली. तपासणीच्या दिवशी डॉक्टर ती चाळतात आणि परत देतात. तिला जतनाचा कोणताही नियम लागू नाही. म्हसळ्याच्या पावसात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, कागद चार-पाच वर्षांपेक्षा अधिक टिकणे कठीण असते.